नावाचा तांदूळ

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी रक्षाने कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला. पडद्यावर पाच नावे उमटली : सासरे भैय्यालाल, सासू गिरजाबाई, नवरा वीरेंद्र, ती स्वतः आणि तिची सात वर्षांची मुलगी गुड्डी. महिन्याचा तांदूळ उचलायचा बाकी होता.

दुकानदार यादोराव चष्मा वर करून बघत राहिले.

"रक्षा? तू त माहेरी राहतं ना वं?"

"राहतो काकाजी. पण नाव इथंच हाये."

लाखनी तालुक्यातल्या या सासरच्या गावातून ती तीन वर्षांपूर्वी गेली. गेली म्हणजे, वीरेंद्रने रिताला घरात आणले आणि रक्षाला मुलीसह बसस्टँडवर सोडले. तेव्हापासून ती मोहाडीजवळच्या खेड्यात, विधवा आईकडे आहे. टाकलेल्या बाईला 'माहेरी जा' म्हणणे सोपे असते. माहेरच्या डब्यात तिच्या वाट्याचे काही आहे का, हे कोणी उघडून पाहत नाही. आई चंद्रकलाच्या कार्डावर एकच नाव आहे. त्या पाच किलोत तीन पोटे.

रोवणी संपली की धान कापणीपर्यंत बाईच्या हाताला काम नसते. या दिवसांत सकाळी पेज होते. चंद्रकला आधी नातीला वाढते, मग लेकीला, आणि पेजेच्या पातेल्यात पाणी घालून तेच पिते. विचारले तर म्हणते, "मले आज भूकच नाही बाप्पा." गुड्डीला रविवार आवडत नाही, कारण त्या दिवशी शाळेत खिचडी नसते.

वेगळ्या कार्डासाठी रक्षाने दोनदा अर्ज केला. घटस्फोटाचा कागद आणा, नाहीतर सासऱ्याची सही आणा, असे उत्तर मिळाले. भैय्यालालने सही केली नाही. महिन्याला दहा किलो तांदूळ आणणारी दोन नावे कोण कापून देईल?

ऑगस्टमध्ये माहेरच्या दुकानदाराने तिला सांगितले, "कार्डावरच्या कोणाचाही अंगठा चालते पोरी. पण बाहेरच्या कार्डाचं मी देत नाही, माहा साठा कमी पडते. तिथंच जाय. जो पहिले पोचला, त्याचं." म्हणून ती पहाटेच्या पहिल्या गाडीने निघाली होती.

साडेआठला गिरजाबाई आल्या. मागे रिता, हातात रिकामी थैली घेऊन. रक्षाला पाहताच गिरजाबाईंचा आवाज चढला.

"काहून आली वं तू? तुह्या नावानं आंघोळ केली आमी!"

"केली त केली, आई. मंग मेलेल्या बाईचा तांदूळ तीन वर्षं तुमच्या घरी कसा शिजला?"

रांगेतून कोणीतरी म्हणाले, "भूत जेवत असन!" बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"नांदाची अक्कल नाही अन् वाटा मांगाले आली," गिरजाबाई म्हणाल्या. "नवऱ्यापाशी रायलं त घास भेटते."

"हा नवऱ्याचा घास नाही. माह्या नावावर आलेला हाये, अन् माह्या पोरीच्या." रक्षा यादोरावांकडे वळली. "काकाजी, सारंच माह्या अंगठ्यानं निघालं. मले सारं नाही पाहिजे. दहा वेगळं मोजा. पंधरा त्याइचं."

यादोरावांनी माप खाली ठेवले. "माह्या दुकानात भांडण नको बाप्पा. घरचा मामला हाये, घरी समजून घ्या."

"घरचा मामला असता त तीन वर्षांत कोणी पायलीभर तांदूळ पाठवला असता."

यादोरावांनी माप पुन्हा उचलले आणि मोजायला घेतले. दहा किलो भरताच गिरजाबाईंनी पिशवीचा एक बंद धरला. दुसरा रक्षाच्या हातात होता. कोणीच सोडेना. रक्षाने सासूकडे पाहिले नाही. ती रिताशी बोलली.

"तुहं नाव कुठं हाये वं?"

रिताने हातातली थैली गुंडाळली.

"कार्डावरून माहं काढलं नाही, अन् तुहं टाकलं नाही. तू माह्या नावानं जेवून राहिली, बाई. उद्या तुले बसस्टँडवर सोडलं, त कोणत्या कागदावर तू या घरची होती? आधी नाव टाकून घे. आपल्या नावानं जेव."

"हिचं आयकू नको," गिरजाबाई म्हणाल्या. "चाल, धर ही पिशवी."

रिताने पिशवी धरली नाही. तिने आपली थैली उघडून काट्याजवळ ठेवली.

"काकाजी, आमचं पंधरा मोजा."

गिरजाबाईंच्या हातातला बंद सुटला. नऊच्या आधी रक्षा दहा किलो तांदूळ डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली होती.

त्यानंतरचे इतके कळले आहे. वीरेंद्रने पुरवठा अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे : नांदत नसलेल्या बाईने घरचे धान्य फसवून नेले. यादोरावांकडे खुलासा मागितला आहे. रक्षाने तिसरा अर्ज केला असून सासऱ्याच्या सहीची जागा कोरी ठेवली आहे. 'सही कोणाची?' असे कारकुनाने विचारल्यावर ती म्हणाली, "भूक माही हाये, सही बी माहीच." अर्ज घेतला गेला. निर्णय झालेला नाही.

ऑक्टोबरचे वाटप सात तारखेला आहे. त्या दिवशी आपण सकाळी सात वाजताच दुकानापुढे उभा राहणार, असे वीरेंद्रने गावात सांगून ठेवले आहे. पहाटेची गाडी तोवर पोचत नाही. रक्षा आदल्या दिवशीच निघणार आहे. त्या गावात मुक्काम कोणाकडे, हे तिने आईलाही सांगितलेले नाही.