माझ्या पोटातले ओरखडे

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. लगेच नाकं मुरडू नका. मी फरशी पुसायची बादली नाही, आणि न्हाणीघरातली तर मुळीच नाही. मी बिअर आंबवायची प्लास्टिकची बादली आहे. बिअर तुम्ही प्यायची नाही, ते मोठ्यांचं काम. पण माझी गोष्ट ऐकायला वयाची अट नाही.

शिक्षण विचाराल, तर माझ्या अंगावर पाच, दहा, पंधरा असे तीसपर्यंत लिटरचे आकडे आहेत, तेवढंच. पुढचं मला येत नाही आणि त्यावाचून कधी अडलंही नाही. साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी आतून इतकी गुळगुळीत होते की पाण्याचा थेंब टेकायला जागा शोधायचा. खाली नळ, वर घट्ट झाकण, झाकणावर हवा सोडायला वाकडी नळी. माझ्याबरोबरच्या बाकीच्या सगळ्या रंगाच्या दुकानात गेल्या. हा थाट एकटीचा.

मला आणलं एका घड्याळजीने. एकटा माणूस. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बिअर करायचा. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवायचा. गोड पाणी गाळून त्यात हॉप्सची कडू फुलं उकळायचा. ते गार करून माझ्या पोटात ओतायचा आणि वर आंबवणारं यीस्ट सोडायचा. तिथून पुढची मेहनत माझी.

त्याला पिल्सनर जातीची बिअर आवडायची. सोनेरी, नितळ, कडवट आणि चांगली कडक. ही जात मोठी नखरेल, तिला गारवा लागतो. म्हणून त्याने जुना फ्रिज रिकामा करून मला आत बसवलं. दोन आठवडे मी अंधारात बुडबुडत बसायचे, मग माल बाटल्यांत जायचा आणि महिनाभर गारठ्यात मुरायचा. नऊ वर्षं हे केलं. कंबरडं मोडायचं, पण कुरकुर केली नाही.

रविवारी दुपारी त्याचे दोन मित्र यायचे, एक वायरमन आणि एक सलूनवाला. लहानसहान कारखान्यांच्या कडक पिल्सनर ते विकत आणायचे. सलूनवाला सगळ्या बाटल्यांना कागद गुंडाळायचा, त्यातच आमचीही एक. मग तिघांनी पेल्यात ओतून आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग एक घोट, आणि कुठली कोणाची ते ओळखायचं. घड्याळजी आमची बाटली दर वेळी ओळखायचा.

"याच्या जिभेलाही भिंग आहे," वायरमन म्हणायचा. घड्याळजी लाजायचा. तेवढंच त्याला मिरवायला होतं. मी कोपऱ्यात धुऊन पालथी पडलेली असायचे आणि मनात म्हणायचे, जीभ त्याची, पण पोट कोणाचं?

मग तो तापाने आडवा झाला. तीन आठवडे. ताप उतरला, पण वास गेला, चव गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. त्याची सेवा करायला त्याची थोरली बहीण आली, ताई. बाई कामाला वाघ आणि तोंडाने त्याहून वरचढ. तिने घर धुतलं, भांडी धुतली आणि एके दिवशी तिची नजर माझ्यावर पडली. हॉप्समुळे माझ्या आत एक पिवळसर कडं उमटलं होतं.

"शी! यात करून पितो होय? मग आजारी नाही पडणार तर काय?" असं म्हणून तिने तारेची घासणी घेतली. मित्रांनो, तो अर्धा तास मी विसरले नाही. मी चकचकीत दिसू लागले, पण माझ्या पोटात बारीक ओरखडेच ओरखडे झाले. जंतूंना याहून चांगलं घर कुठलं? नुसत्या धुण्याने ते तिथून निघत नाहीत. मला हे कळत होतं. पण बादलीचं ऐकतो कोण?

घड्याळजी बरा झाला, जिभेवर थोडी थोडी चव येऊ लागली. त्याने मोठ्या उमेदीने पिल्सनर केली. दीड महिन्याने रविवारची बैठक बसली. त्याने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"आंबट लागतेय का रे?"

सलूनवाल्याने वायरमनकडे पाहिलं. "छे! झकास झालीय."

"पूर्वीसारखीच," वायरमन म्हणाला, आणि घड्याळजीची पाठ वळताच त्याने पेला मोरीत रिकामा केला. मी बघत होते.

दुसऱ्यांदा केली. पुन्हा तेच. आजारातून उठलेल्या माणसाचं मन कशाला मोडा, असं त्यांना वाटलं असेल. पण मोडायचं ते मोडलंच. घड्याळजीने बाटल्या मोरीत ओतायला घेतल्या.

"अरे, हे काय?" ताई धावत आली.

"माझी जीभ गेली, ताई. सगळ्यांना चांगली लागते, मला आंबट. आता हा नाद बंद. बादली देऊन टाक कोणालातरी."

ताईने कमरेवर हात ठेवले. "चाळीस वर्षं घरातलं दूध नासलं की नाही ते मी हुंगून सांगतेय. आण इकडे." जन्मात कधी न प्यायलेल्या बाईने पेल्यात नाक घातलं, एक थेंब जिभेवर घेतला आणि थू करून मोरीत टाकला. "आंबटढाण! नासलीय मेली!"

"पुन्हा बोल."

"नासलीय! बहिराही झालास का?"

तो मोरीच्या कठड्यावर मटकन बसला. हसत होता की रडत होता, मला नीट दिसलं नाही. "म्हणजे माझी जीभ शाबूत आहे, ताई."

मग तो उठला, मला खिडकीशी उन्हात नेलं, डोळ्याला भिंग लावलं आणि माझ्या पोटात डोकं घातलं. बराच वेळ काढलं नाही.

"ही आतून कोणी घासली?"

ताईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मीच. तारेच्या घासणीने." आणि लगेच वर चढला, "मग आधी सांगायला काय झालं होतं? पाटी लावायची होती बादलीवर!"

पुढच्या रविवारी तिने त्या दोघांना दारातच गाठलं. "चव विचारली तर चव सांगायची. माणूस स्वतःवरचा भरवसा घालवून बसला होता. नरडी आहेत की नळ?" 

ज्या खऱ्या शब्दाने त्याची जीभ वाचली, त्याच शब्दाने माझी नोकरी गेली. फ्रिजमध्ये आता दुसरी आहे, गुळगुळीत, नवी नवरी. तिची पहिली पिल्सनर उघडली तेव्हा घड्याळजीने आधी पेला ताईच्या नाकाखाली धरला.

"कडू आहे," ती म्हणाली. "पण नासलेली नाही." मगच त्याने घोट घेतला आणि डोळे मिटले.

माझ्यात आता कोरडा माल्ट ठेवतात. मी थकले आहे, तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. कुठलीही वस्तू चकचकीत करण्याआधी ती कशाची आहे ते विचारा. आणि कोणी विश्वासाने चव विचारली, तर खरी सांगा.

आता मला कशानेही घासलं तरी कोणाचं काही नासणार नाही. पण ताई मला पुसायला घेते तेव्हा मऊ फडकंच शोधते, आणि आतून पुसताना तिचा हात फार हलका होतो.