डावी बाही आधी

शाळेत त्यांना सगळे सापळेबाई म्हणत. आडनाव तसं नव्हतं; पण जीवशास्त्राच्या तासाला प्लॅस्टिकचा सांगाडा काखोटीला मारून वर्गात शिरणाऱ्या बाईला पोरं दुसरं काय म्हणणार? सांगाड्याचा उजवा हात खांद्याच्या स्क्रूपाशी ढिला होता आणि भर तासाला गळून पडायचा. पोरं फिदीफिदी हसायची. बाई शांतपणे हात उचलायच्या आणि त्याचाच धडा करायच्या.

"हसून घ्या. मग बघा. मागचं हे खांद्याचं पातं नुसतं मांसाच्या आधारावर आहे. त्याच्या खोबणीत दंडाच्या हाडाचा गोळा. आणि एवढा सगळा बारदाना धडाला हाडाने जोडलाय तो फक्त या एका काडीनं, कॉलरबोननं."

हाडाची शिक्षिका म्हणतात ती हीच, हा विनोदही त्यांच्यावर सगळ्यांचा करून झाला होता.

तर या बाईंच्या धाकट्या भावाला मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं. बाळ अंगानं दांडगं, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडला. डॉक्टरांनी कसंबसं सोडवलं. भावजयीची आई केव्हाच गेलेली, टाके ओले, आणि भाऊ तर बाळाला हात लावायलाच घाबरायचा. आठवड्यानं त्याचा फोन आला. "ताई, तू ये," एवढंच तो म्हणाला. बाईंनी रजा टाकली आणि बॅग भरली.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. मूलबाळ नाही याचं दुःख कुणापाशी उगाळलंही नव्हतं. पण छकुली मांडीवर आली आणि बाईंचं काही खरं राहिलं नाही. आंघोळ त्याच घालणार, कपडे त्याच करणार, झोपवणारही त्याच. दूध पाजून झालं रे झालं की हात पुढे. "ताई, मला पण राहू द्या की थोडा वेळ," असं भावजय एकदा म्हणाली, तेव्हा बाईंना जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तेवढ्यापुरतंच.

तिसऱ्या दिवशी आंघोळीत घोळ झाला. साबणाचं अंग ते, बाईंच्या हातावरून सुळकन घसरलं. टबात आपटणार तेवढ्यात बाईंनी तिचा डावा दंड पकडून तिला वर ओढलं. छकुली कळवळून रडली, मग निवली. भाऊ कामावर, भावजय झोपलेली. कुणी पाहिलं नाही आणि बाईंनी तो प्रसंग गिळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसताना त्यांचं रोजचं गाणं चाललं होतं. "हे कोपराचं टोक, हे दंडाचं हाड, हा खांद्याचा गोळा..." बोट डाव्या खांद्यावरून गळ्याकडे सरकलं आणि थांबलं. कॉलरबोनवर वाटाण्याएवढी टणक गाठ होती. उजवीकडे काही नव्हतं. उजवा हात हवेत मुठी उडवत होता आणि डावा अंगाशी पडून होता.

बाईंनी पंचा खाली ठेवला. हात आधीही असाच पडून असायचा का, हे आठवून बघायचंही त्यांना सुचेना. कुठलं हाड ते त्यांना कळलं होतं आणि कुणामुळे तेही.

गप्प राहता आलं असतं. असते एखाद्या बाळाला गाठ. सांगितलं तर छकुली पुन्हा हातात मिळायची नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण हिला तर बोलता येत नाही. मग तिच्या वतीनं बोलणार कोण? बाई तिला घेऊन भावजयीच्या पलंगावर जाऊन बसल्या.

"काल माझ्या हातून निसटली गं. मी दंडाला धरून ओढली. हाड मोडलंय. माझ्यामुळे."

भावजय उठून बसली. रागावली नाही, ओरडली नाही. हात पुढे करून तिनं बाळ घेतलं आणि म्हणाली, "दवाखान्यात जाऊ. यांना संध्याकाळी सांगू."

टॅक्सीत बाळ भावजयीच्या मांडीवर होतं. बाईंचे हात मांडीवर रिकामे पडले होते आणि त्या सारख्या डोळे पुसत होत्या. भावजयीनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

मुलांच्या डॉक्टरांनी फोटो काढून उजेडात धरला. "कधी लागलं म्हणालात?"

"काल," बाई म्हणाल्या.

"काल मोडलेल्या हाडावर आज अशी गाठ येत नाही, बाई. हे नवं हाड आहे, मोडलेलं सांधायला आलेलं. त्याला आठवडाभर तरी लागतो. खांदा अडला होता ना जन्मताना? तेव्हाच मोडलं. होतं असं, आणि सुरेख भरूनही येतं. प्लास्टर नको. बाही झबल्याला पिन करून ठेवा, म्हणजे हात हलणार नाही. घालताना डावी बाही आधी, काढताना शेवटी." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पण हात उचलत नाही हे एवढे दिवस कुणाच्या लक्षात नाही आलं?"

बाईंचा जीव भांड्यात पडला होता. हसून त्या भावजयीकडे वळल्या, तर ती खाली मान घालून रडत होती.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "माझ्या आलं होतं. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, हात लुळाच आहे. माझ्यातच काही कमी असेल. कुणाला सांगायचा धीर झाला नाही. आणि सकाळी तुम्ही म्हणालात, माझ्यामुळे झालं." ती थांबली. "ताई, मला बरं वाटलं. तुम्ही टॅक्सीत रडत होतात आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. तुम्ही येण्याआधीपासूनच आहे, एवढं सांगायचं होतं फक्त. नाही सांगितलं."

बाईंना राग आला. चांगलाच आला, खोटं कशाला सांगा. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले, टाक्यांमुळे एका कुशीवर कलून बसलेली. ही सांगणार तरी कधी होती? आपण तर बाळ मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. हिची विचारपूस अशी केलीच कुठे?

"एवढे दिवस हे मनात घेऊन झोपलीस कशी तू?"

"झोपलेच नाही."

बाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टब भरला, कोमट पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि बाजूला सरकल्या. "आज तू घाल. मी पाणी ओतते."

"मला भीती वाटते, ताई."

"मला काय कमी वाटते? दोघी मिळून घालू."

आंघोळ झाली, अंग पुसून झालं. "तुमचं ते हाडांचं म्हणा ना," भावजय म्हणाली.

"हे कोपराचं टोक, हे दंडाचं हाड, हा खांद्याचा गोळा..." इथवर येऊन बाई अडल्या. भावजयीनं त्यांचं बोट धरलं आणि हलकेच त्या गाठीवर टेकवलं.

"आणि हे?"

"ही कॉलरबोन," बाई म्हणाल्या. "मोडली होती. आता भरून येतेय."

मग भावजयीनं झबलं उलगडलं आणि सवयीनं उजवी बाही पुढे केली. बाईंनी ती तिच्या हातातून घेतली, फिरवून डावी तिच्या हाती दिली, आणि छकुलीचा तो हात अलगद धरून ठेवला.