चालीतले कच्चे शब्द

बाराव्या खेपेलाही त्याने कागद परत केला, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शब्द छान आहेत, बसलेतही नीट," तो म्हणाला. "पण भाव नाही यात."

तीन आठवडे ती हेच ऐकत होती. गाणं एका मालिकेचं, निरोपाचं, अवघं दीड मिनिटाचं. संगीत त्याचं, शब्द तिचे. आज स्टुडिओ दुपारी दोनपर्यंतच मिळाला होता. तोवर शब्द ठरले नाहीत तर मालिकावाले दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार होते, आणि तसं त्यांनी सकाळी फोन करून गोड आवाजात सांगूनही टाकलं होतं. वीस वर्षांत तिच्या हातून गाणं असं कधी कुणी काढून घेतलं नव्हतं.

त्यात हा संगीतकार म्हणजे तिचा नवरा. म्हणजे होता. चौदा वर्षांचा संसार मोडून चार वर्षं झाली, पण हा जोडधंदा काही मोडला नाही. "नवरा सोडलास, मग त्याच्या चाली कसल्या धरून बसलीस गं?" असं म्हणत तिची आई अजून कपाळाला हात लावायची.

आणि भाव मागावा कुणी? ज्याने चौदा वर्षांत मनातलं एक वाक्य ओठांवर आणलं नाही, त्याने! आनंद झाला तरी "हं", भांडण झालं तरी "हं". ती बॅग उचलून निघाली, तेव्हा हा कीबोर्डपुढे पाठमोरा बसलेला. "चार्जर घेतलास का?" एवढंच विचारलं होतं. थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. तिला काय हवं होतं? एक वाक्य. तेही व्याकरणशुद्ध नसतं तरी चाललं असतं.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. आधी चाल. ती तो फोनवर गाऊन पाठवायचा, आणि नुसतं ला-ला करायला लाज वाटते म्हणून तोंडाला येतील ते शब्द त्यात भरायचा. डमी शब्द. ती हेडफोन लावून टेबलावर बोट आपटत मात्रा मोजायची आणि त्या मापाचे खरे शब्द लिहायची. डमीचा अर्थ ती कधी ऐकायचीच नाही. शिंपी माप घेताना गिऱ्हाइकाचं तोंड कुठे बघतो!

एक वाजता गायिका आली. चाल पाठ व्हावी म्हणून तिलाही तेच रेकॉर्डिंग पाठवलेलं होतं. काचेपलीकडे उभी राहून तिने आवाज तपासायला म्हणून सहज गायला सुरुवात केली.

*दार ओढून घे जाताना, मी उठणार नाही*
*कप दोनच येती हाताशी, हे सुटणार नाही*

रेकॉर्डिस्टचा हात बटणावर तसाच राहिला. शब्द लिहिणारी ती तर खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागली. ही चाल तिने चाळीस वेळा तरी ऐकली होती. सोळा आणि अकरा, सोळा आणि अकरा. प्रत्येक मात्रा तिला पाठ होती, आणि शब्द ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"ताई, काय लिहिलंय हो तुम्ही!" गायिका माइकवरूनच म्हणाली. "घरी पाठ करताना रडायलाच आलं. आणि रडलं की सूर हलतो. तीनदा पोटभर रडून घेतलं, तेव्हा कुठे गाता आलं."

ती खुर्चीतूनच संगीतकाराकडे वळली. "हे कधी लिहिलंस?"

"लिहिलं कुठे? डमी आहे ते." त्याचे कान लाल झाले होते. "तोंडाला आलं ते गायलं."

चौदा वर्षं मागितलेलं वाक्य त्याने शेवटी दिलं होतं. दिलं तेही मापात बसवून, फेकून द्यायच्या शब्दांत, आणि जी ऐकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं तिलाच. आणि तिने काय केलं, तर मात्रा मोजल्या! राग त्याच्यावर काढावा की स्वतःवर, तिला कळेना.

"मुखडा हाच राहील," ती म्हणाली. "अंतरा मी देते. वीस मिनिटं दे मला."

बाहेर बाकावर बसून तिने लिहिलं. बोट आपटलं नाही, काही मोजलं नाही. चार ओळी झाल्या. शेवटची होती:

*दाराशी उभीच होते मी रे, हाक आली नाही*

तिने कागद त्याच्या हातात दिला आणि समोरच उभी राहिली. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. ओठ हलले. आता बोलेल, तिला वाटलं, आता तरी. तेवढ्यात त्याचं बोट गुडघ्यावर आपटायला लागलं.

"शेवटच्या ओळीत दोन मात्रा जास्त होतायत," तो कागदाकडे बघतच म्हणाला. "तेवढा 'रे' काढ."

"एवढंच?"

"बाकी बसतंय."

"मग चाल वाढव. वीस वर्षं तुझ्या चालीत मी शब्द कोंबतेय. आज एकदा तू जागा कर."

तो कीबोर्डकडे गेला. प्रयत्न त्याने मनापासून केला, हे तिलाही कबूल करावं लागलं. तीनदा वाजवलं, तिन्ही वेळा ठेका घसरला.

"नाही गं होत," तो म्हणाला.

दोनला दहा मिनिटं कमी होती. गायिका काचेआडून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "ताई, नक्की काय गाऊ?"

तिने पेन घेतलं आणि 'रे'वर काट मारली.

गाणं पहिल्याच फेरीत झालं. रेकॉर्डिस्टने डोळे पुसले. संगीतकाराने मान डोलावली, बसलं म्हणून. बसलंच होतं, कुठे तसूभर फट नव्हती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.