चार शून्यांचं नशीब

दुपारचे चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या छातीशी एकेक नवा लॅपटॉप, तान्ह्या बाळासारखा कवटाळलेला. खाली लॅपटॉपचं दुकान, वर यंत्रमहाराजांची खोली. खालचं यंत्र अडलं की दुकानदारच माणसाला वर पाठवायचा. दुकानदार महाराजांचा सख्खा मेहुणा, पण यात कुणाला काही खटकलं नव्हतं.

आत्याला खटकलं होतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं तक्रारी ऐकून ती निवृत्त झाली होती, त्यातली शेवटची सात संगणकापुढे. तिच्या पुढे भाची उभी होती, आणि भाचीच्या पुढे तिचे वडील, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. भाऊ किल्ल्या करायचा, अडलेली कुलपं उघडून द्यायचा.

भाचीला दूरच्या शहरात पशुवैद्यकीच्या कॉलेजात जागा मिळाली होती. होकार कळवायची मुदत आज पाच वाजेपर्यंत. आणि घरच्या नव्या लॅपटॉपवर नेमकी कॉलेजची वेबसाइट चार दिवस उघडत नव्हती. सिनेमे उघडत, बातम्या उघडत. कॉलेजप्रवेश, नोकरभरती, बँक आणि पासपोर्ट या चारच अडत. आत्याच्या मोबाइलवर कॉलेज बिनबोभाट उघडायचं. पण होकार पक्का करायला लागणारा सहा आकडी नंबर यायचा भावाच्या फोनवर, आणि महाराजांचा कौल घेतल्याशिवाय तो द्यायला भाऊ तयार नव्हता.

"ताई, नवं कोरं यंत्र, आणि नेमकं तेच दार बंद? उगाच असतं का हे?"

"अरे, तू कुलपं उघडून पोट भरतोस. गिऱ्हाइकाचं दार उघडलं नाही, तर तुमच्या नशिबात घर नाही असं सांगून परत येतोस का?"

"तुझी चेष्टा राहू दे," भाऊ म्हणाला आणि त्याने शर्टाच्या खिशातल्या फोनवर हात दाबून धरला.

आत महाराज फिरत्या खुर्चीत बसले होते. गळ्यात तांब्याच्या तारांची माळ, पाठीमागे जाड पडदा. दातांच्या डॉक्टरीणबाई आपला लॅपटॉप उघडून सगळ्यांना दाखवत होत्या. "काल बँक उघडत नव्हती. महाराजांनी दक्षिणा घेऊन रात्रभर पडद्याआड मौनात ठेवला. आता बघा!" बँक उघडली. खोलीभर "वा!" झालं. आत्या कपाळाला हात लावायच्या बेतात होती. एवढी शिकलेली बाई!

"प्रत्येक वेबसाइटला एक लहर असते," महाराज खुर्ची अर्धी फिरवत म्हणाले. "प्रत्येक माणसाला एक लहर असते. लहरीला लहर भेटली, तर पान उघडतं. नाही भेटली तर…"

"पान सापडत नाही!" गर्दीने भक्तिभावाने वाक्य पुरं केलं.

भाचीचा लॅपटॉप पुढे आला. महाराजांनी त्यावर पंजा ठेवला, डोळे मिटले, मग कॉलेजचं नाव टाइप केलं. पान सापडलं नाही.

"ही वाट मुलीची नाही. जे दार उघडत नाही, ते आपलं नसतं."

भाची पांढरीफटक पडली. भावाने मात्र सुटकेचा श्वास टाकला. तो आत्याने बघितला. वहिनी गेल्यापासून त्या घरात दोनच माणसं होती. याला कौल नकोच होता. मुलीला थांबवायला निमित्त हवं होतं, आणि ते महाराजांनी आयतं हातात ठेवलं.

"डॉक्टरीणबाईंचं उघडलंत, तसं हेही उघडा," आत्या म्हणाली.

"रात्रभर ठेवावं लागेल."

"मुदत पाचला संपते."

"मग तेच उत्तर समजा, माई."

भिंतीवरच्या घड्याळात चार पंचवीस झाले होते. आत्याने लॅपटॉप उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"अहो बाई, वॉरंटी जाईल!" दारातून दुकानदार ओरडला.

"नुसतं बघून? मग विकताना आमचे डोळे का नाही बांधलेत?" कुणीतरी खुदकन हसलं. आत्या मोठ्याने बोलत राहिली, कारण बोलणं थांबलं तर लॅपटॉप काढून घेतील अशी तिला भीती होती. "एक्सचेंजमध्ये आमचा पहिला धडा होता. तक्रार आली की फोन बदलून बघ, मग लाइन बदलून बघ. दुपारी मी हेच केलं. घरच्या वायफायवर माझा मोबाइल लावला, कॉलेज उघडलं. माझ्या मोबाइलच्या इंटरनेटवर हा लॅपटॉप लावला, दार बंद. म्हणजे लाइन ठणठणीत, कॉलेज ठणठणीत. खोड या यंत्रात आहे. पोरीत नाही."

ती यंत्राच्या पोटातली फोल्डरं उघडत गेली. पहिलं चुकलं. दुसरंही चुकलं. चार एकतीस. महाराज मंद हसत होते. तिसऱ्यात एक छोटी फाइल सापडली. वर कंपनीचा मजकूर, आणि खाली चार ओळी.

"हे बघा. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, पण यंत्राला तिचा नंबर लागतो. तो नंबर यंत्र लांबच्या मोठ्या डिरेक्टरीला विचारतं. पण त्याआधी स्वतःच्या खिशातली ही वही बघतं. वहीत नंबर असला की कुणाला विचारतच नाही. इथे चार नावं आहेत, आणि प्रत्येकापुढे नंबर आहे शून्य, शून्य, शून्य, शून्य. असा नंबर फिरवून कुणाशी बोलणं होणार?"

"लहरीच शून्यरूपाने प्रकट होतात," महाराज म्हणाले.

"प्रकट कधी झाल्या तेही इथे आहे. बुधवारी दुपारी साडेबाराला. लॅपटॉप आमच्या घरी आला गुरुवारी. ही वही मालकाच्या परवानगीशिवाय बदलत नाही. बुधवारी मालक कोण होता?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दुकानदार एक पायरी खाली उतरला.

रांगेतला एक गवंडी पुढे आला. पोराच्या नोकरीच्या अर्जासाठी त्याने लॅपटॉप घेतला होता. "बाई, माझा बघा." त्याच्याही वहीत त्याच चार ओळी. डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्याही… त्याच चार अडत होत्या."

"लहर वेगळी, नशीब वेगळं, आणि अक्षर न् अक्षर तेच?" आत्याने विचारलं.

"पण ताई, महाराजांनी यांचं उघडलं ना?" भाऊ अजून हटत नव्हता. चार एकोणचाळीस.

"मीही उघडते. आणि बंदही करते, बघ." तिने वहीत पाचवी ओळ लिहिली: भिंतीवरच्या फलकावरून घेतलेलं महाराजांच्या स्वतःच्या वेबसाइटचं नाव, पुढे चार शून्यं. यंत्राने परवानगी मागितली, भाचीने पासवर्ड टाकला. मग आत्याने इंटरनेटची सगळी पानं बंद करून पुन्हा उघडली, आणि महाराजांचं नाव टाइप केलं.

"पान सापडत नाही!" गवंडी ओरडला, आणि या वेळी खोली हसली.

"महाराज, तुमचंच दार तुम्हाला बंद झालं. सोडा लहर. हात मात्र लावायचा नाही."

महाराजांनी डोळे मिटले. तारांची माळ चाचपली. कपाळावर घाम आला, पण पान काही आलं नाही. मग आत्याने पाचही ओळी खोडल्या आणि कॉलेज उघडलं, पहिल्या फटक्यात.

भाचीने होकाराचं बटण दाबलं. भावाच्या खिशात फोन थरथरला. भाऊ हलला नाही. चार सेहेचाळीस.

"ताई, ही गेली की त्या घरात…" त्याने खिशातला फोन मुठीत धरला.

"माहीत आहे रे. मलाही रडू येतंय. पण ते दुःख आपलं आहे. ते तिच्या नशिबावर ढकलू नकोस."

"बाबा," भाची एवढंच म्हणाली.

भावाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोन लांब धरून एकेक आकडा वाचला. सहाव्याला त्याचा आवाज फाटला, म्हणून आत्याने तो पुन्हा वाचायला लावला. चुकीचा नंबर लागणं तिला कधीच खपलं नव्हतं. लॅपटॉपवर अक्षरं आली: आपली जागा निश्चित झाली आहे.

या गडबडीत महाराजांची खुर्ची कधी रिकामी झाली ते कळलं नाही. पडद्यामागे मौन नव्हतं, एक टेबल होतं आणि मागचा जिना होता. दुकानदाराने खाली शटर ओढलं, पण बिलं लोकांच्या हातात होती आणि डॉक्टरीणबाई पोलिसांचा नंबर लावत होत्या.

आत्या हलली नाही. तिने गवंड्याला शेजारी बसवून त्याच्याच हाताने चार ओळी खोडायला लावल्या, आणि त्याने पुढच्याला दाखवलं. जिन्यावरची शेवटची बाई मात्र अजून लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. तिने जिना उतरणाऱ्या भावाला अडवून विचारलं, "दादा, महाराज काय म्हणाले? माझं दार उघडेल ना?"

"महाराजांना सोडा हो," भाऊ म्हणाला. "दार उघडत नसेल तर आधी कुलूप तपासायचं. चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी विसरलो. या, वर या. माझी बहीण शिकवतेय, शिकून घ्या."