विखाईचे चार विंचू

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो. पांगाऱ्याच्या लाकडाचा, एका सुळ्याचा, आणि बरीच वर्षं देवी म्हणून पुजला गेलेला. हसू नका. देवी व्हायला फारसं काही लागत नाही. चार शिकलेले भित्रे पुरुष मिळाले की काम भागतं, आणि ते मला बोईसरजवळच्या पाम गावात अगदी घरबसल्या मिळाले.

जन्म मात्र माझा चांगल्या हातांत झाला. जव्हारकडच्या डोंगरातला जिवल्या भाताची कापणी आटोपली की पामच्या वाड्यांमध्ये कामाला यायचा. चिकू उतरवायचे, झाडांना पाणी सोडायचं, कुंपण बांधायचं. दुपारच्या सुट्टीत तो झाडाखाली बसून वाकसाने मला तासत असे. त्याच्या गावी दरवर्षी बोहाडा व्हायचा. बोहाड्यात गावकरी देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून नाचतात, आणि मुखवटा तोंडावर असेपर्यंत आतला माणूस कोणी माणूस मानत नाही. मी त्याच बोहाड्यातली एक राक्षसीण व्हायचा होतो. तासताना माझा एक सुळा तुटला, तेव्हा जिवल्या स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. एका दातानं पन खाशील तू." माझ्या आयुष्यात माझ्याशी सरळ बोललेला तो पहिला माणूस. शेवटचाही म्हणायला हरकत नाही.

वाडीच्या मालकांचा मुलगा दिनानाथ बोईसरच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. वडील वारल्यावर घरात त्याचा शब्द चाले. त्याने मला पाहिलं आणि मागून घेतलं. जिवल्या जरा घुटमळला, मग म्हणाला, "न्यायचा तं न्या, दादा. पन एक सांगतो. ह्यो तोंडावर चढला का आतला मानूस नाय, देव बोलतो. उतरवताना नारळ द्यायचा. त्याबिगर उतरवायचा नाय." दिनानाथने मान डोलावली. शिकलेल्या माणसांना मान डोलवायला काही पडत नाही.

ही गोष्ट १९७९ सालची. दिनानाथचा मित्र विश्राम त्याच कारखान्यात भांडारावर होता. त्याचा मावसभाऊ बोटीवर कामाला होता आणि त्याने परदेशातून एक खोका आणला होता. खोक्यात होते पुष्कळ पैलूंचे फासे आणि एक इंग्रजी पुस्तिका. शब्दकोश उघडून दोघांनी ती वाचली. त्यांना कळलं ते इतकंच, की हा बसल्या जागी खेळायचा सोंगांचा खेळ आहे. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, आणि अडलं की फासा टाकायचा. पुस्तिकेत एक दुष्ट देवी होती आणि तिचे भक्त होते. जिथे इंग्रजी कळलं नाही तिथे या शहाण्यांनी घरचं घातलं. राज्याचं नाव ठेवलं काळवंड. देवीचं नाव विखाई. भक्तांना म्हणायचं विखाईचे विंचू. विश्रामने यंत्रांना फासतात तो हिरवा रंग कारखान्यातून आणून मला फासला, आणि मी देवी झालो.

आणि इथेच त्यांनी ती चूक केली, जी आमच्या भागातल्या माणसालाच सुचावी. पुस्तिकेतली देवी कागदावरची होती. खेळ आवरला की तीही आवरली. यांनी तिला बोहाड्याचा नियम लावला. मुखवटा चढला की बोलणारी देवीच, तिचा हुकूम मोडायचा नाही, तिच्यावर फासा चालायचा नाही, आणि तिने स्वतःच्या हाताने पुजाऱ्याला नारळ दिल्याशिवाय सोंग उतरवायचं नाही. पुजाऱ्याने तिच्या नावाने शपथ घालायची आणि बाकीच्यांनी ती पाळायची. हे सगळं दिनानाथने मोठ्या हौसेने ठरवलं, कारण मुख्य पुजारी तो स्वतः होता.

दर रविवारी दुपारी चिकू घासून करंड्यांत भरायच्या खोलीत खेळ मांडला जाई. उरलेले दोन विंचूही सांगतो. देवू बँकेत कारकून होता. खिडकीवर कोणी आवाज चढवला तर त्याच्या हातचं पेन गळून पडायचं, पण काळवंडात त्याने गावोगावच्या विहिरींत विष कालवलं होतं. भगवंत बेटेगावला मास्तर होता. बायकोला विचारल्याशिवाय तो दुसरा कप चहा घेत नसे, पण काळवंडात त्याने राजाला झोपेत मारलं होतं. पोत्यावर मांडी घालून, चिकू खात खात, ही मंडळी जग जाळायची. मला त्यांचा वीट आला होता. दुष्टपणालाही थोडा पाठीचा कणा लागतो.

देवीचं सोंग मात्र कोणी घेईना. तोंडाने म्हणायचे, बाईचं सोंग आपल्याला शोभत नाही. खरं तर चौघेही मला घाबरायचे. मग दिनानाथच्या धाकट्या बहिणीला, चहा घेऊन आलेल्या सुलूला, त्यांनी बसवलं. "जरा तोंडावर धर आणि काहीतरी भयंकर बोल," दिनानाथ म्हणाला. सुलू तेव्हा पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. तिने मला चढवलं आणि असं काही बोलली, की देवूने चहा न पिताच बशी खाली ठेवली. त्या दिवसापासून विखाई म्हणजे सुलू.

हळूहळू खेळाबाहेरही विंचवांना माझी भीती वाटू लागली. देवूने एकदा मला करंडीवर पालथा ठेवला आणि त्याच आठवड्यात त्याची स्कूटर बेटेगावच्या वळणावर घसरली. भगवंत मला ओलांडून गेला आणि त्याची बदली रखडली. स्कूटरचं चाक झिजलेलं होतं आणि बदली सगळ्यांचीच रखडली होती. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी गुपचूप मला उदबत्ती लावायला सुरुवात केली. खुंटीवर लटकून मी ते बघत असे. आपणच रंगवलेल्या लाकडापुढे आपणच हात जोडणारा प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. कुत्रंसुद्धा आपण पुरलेल्या हाडाला घाबरत नाही.

मग सुलू पास झाली, आणि बोईसरला औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत तिची निवड झाली. पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा दुसऱ्याला जाणार होती. दिनानाथने ऐकलं आणि ताटावरून न उठताच निकाल दिला, "आपल्या घरच्या मुली कारखान्यात जात नाय." आणि त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी, रविवारी दुपारी, डहाणूकडच्या पाहुण्यांना मुलगी बघायला बोलावूनही टाकलं. त्यांनी आधीच कळवलं होतं, की नोकरीवाली सून नको.

सुलू सगळ्यांशी बोलली. आईशी, म्हणजे दमयंतीबाईंशी, बोलली. त्या म्हणाल्या, "माझं काय चालतंय, बाय? दादा सांगल तसं कर." पाहुणे यायच्या आधीच्या रविवारी खेळ संपल्यावर तिने विंचवांना एकेकाला गाठलं. विश्राम म्हणाला, "तुमच्या घरातलं मी कसं बोलू?" भगवंत दिवसभर मुलींना शिकवायचा. तो म्हणाला, "विचार करून सांगतो," आणि चपला शोधायला लागला. देवू एक चिकू हातात घेऊन तो पिकला आहे की नाही ते फार बारकाईने बघत राहिला. थोड्याच वेळापूर्वी या तिघांनी तिच्या शब्दावर जीव द्यायची शपथ घेतली होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली, की मला डोळे आहेत.

पाहुण्यांचा रविवार उजाडला. सुलू आता सासरी जाणार म्हणून दिनानाथने शेवटचा खेळ मांडला होता. पाहुणे चारला यायचे होते. सुलू साडी नेसून, केस बांधून आली, पोत्यावर बसली, नारळ उचलून मांडीत ठेवला आणि मला तोंडावर चढवलं. तिचा श्वास मला गरम लागत होता.

"विंचवांनो, देवीचा हुकूम ऐका," विश्राम नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हणाला.

"उद्या सकाळी सातला सुलू बोईसरला कामावर जाणार," माझ्या आतून आवाज आला. "डहाणूचे पाव्हणे आज परत जाणार. पुजारी त्यांना तसं सांगल."

मग दिनानाथ कसंनुसं हसला. "सुलू, मस्करी पुरे. काढ तो मुखवटा."

"सुलू हितं नाय."

"मी सांगतो ना, काढ! खेळ संपला!"

"नारळ कुठं दिलाय मी?"

दिनानाथने तिच्या मांडीतल्या नारळाकडे हात नेला, तोच देवूने त्याचं मनगट धरलं. "दिन्या, नको. माझी स्कूटर आठव." भगवंत म्हणाला, "तूच नियम केलाय. देवीच्या हातून घ्यायचा." दिनानाथचा हात तसाच अधांतरी राहिला. बहिणीच्या हातातलं काहीही हिसकावून घ्यायला तो कधी कचरला नव्हता. पण आता त्याच्या कपाळावर घाम आला होता. बाहेर फाटक वाजलं आणि दमयंतीबाई धावत दारात आल्या. "दिनू, पाव्हणे आले! सुलू कुठं..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मुलीच्या पायांकडे पाहिलं. पायांची बोटं घट्ट आवळलेली होती.

"दिनू," त्या हळूच म्हणाल्या, "तिचं ऐक."

"जा!" दिनानाथ ओरडला. "जा उद्या! जा बोईसरला!"

"पाव्हण्यांना सांगून ये. मग नारळ."

तो ओसरीवर गेला. खोलीतून सगळं ऐकू येत होतं. माझी बहीण नको म्हणते, असं तो म्हणाला असता तर गावभर बभ्रा झाला असता. तो म्हणाला, "माफ करा, देवीनं कौल दिला नाय." डहाणूचे म्हातारे गृहस्थ लगेच म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. देवीपुढं कोण जानार?" त्यांनी शांतपणे पोहे संपवले, चहा घेतला आणि वाडीची स्तुती करत निघून गेले. कुठली देवी, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

सुलूने मला उतरवलं आणि नारळ दिनानाथच्या हातात दिला. तिचा चेहरा रडून भिजला होता. त्या चेहऱ्याकडे कोणीही पाहिलं नाही. नारळ फुटला, आणि चारही विंचू खाली माना घालून प्रसादाचं खोबरं चावत बसले.

ती गेली, मित्रांनो. सोमवारी सातला गेली, आणि आज ती त्या प्रयोगशाळेची मुख्य आहे. तिने हे आपल्या जिवावर मिळवलं. पण दिनानाथने गावाला काय सांगितलं असेल? देवीची इच्छा. जो येईल त्याला देवीची इच्छा. फासे पोरांनी हरवले, पुस्तिका वाळवीने खाल्ली, काळवंड कोणाला आठवत नाही, आणि मी जागृत देवस्थान झालो. विहिरींत विष घालायला सांगणाऱ्या बाईपुढे आता लोक पाळणा हलू दे म्हणून नवस बोलतात. माझा हिरवा रंग उडाला, एका कानाला भुंगा लागला. त्याकडे कोणाचं लक्ष नाही. हार मात्र रोज ताजा असतो.

सुलू बोईसरहून सणाला येते तेव्हा दिनानाथ तिला माझ्यापुढे उभं करतो. "हात जोड. हिच्यामुळं तुला नोकरी लागली." सुरुवातीला ती हसायची. या दिवाळीत हसली नाही. म्हणाली, "दादा, त्या दिवशी आत मी होते."

"हो, हो," दिनानाथ समजूत घालत म्हणाला. "पन शब्द देवीचाच."

आता त्याची मुलगी प्रणाली बारावी झाली आहे. काल जेवताना तिने बापाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, की तिला पुढे शिकायला पुण्याला जायचं आहे. स्पष्ट बोलली, एकही शब्द न अडखळता. दिनानाथने भात कालवत उत्तर दिलं, "बघू. देवीला विचारू." आज दुपारी ती एकटीच या खोलीत आली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिचा हात माझ्या खुंटीकडे गेला, आणि मला तिच्या आत्याचा तो गरम श्वास आठवला. बाहेरून आईने हाक मारली म्हणून ती गेली. ती परत येईल.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं इतर म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला सांगतील. मी तसं सांगणार नाही. तुमच्यापैकी कोणी पामला आलं तर दिनानाथची वाडी विचारा. देवस्थान म्हणून कोणीही रस्ता दाखवेल. हार आणू नका. नवस बोलू नका. सरळ आत या, मला खुंटीवरून उतरवा आणि मागच्या दारी न्या. तिथे बंब पेटलेला असतो. मला त्यात घाला. पांगारा हलका, फार जळणार नाही, पण एका आंघोळीचं पाणी तरी तापेल. मग प्रणाली स्वतःच्या तोंडाने बोलेल, आणि या घराला ऐकायला तिच्याशिवाय दुसरं तोंड उरणार नाही.