उतलेला बिब्बा

देशाकडून तीन कसोटी सामने खेळलेला ज्योतीराम गेले चार महिने पाण्याचा तांब्याही डाव्या हाताने उचलत होता. चेंडू सोडताना उजव्या खांद्यात काहीतरी उसवल्यासारखे होई, आणि ती कळ चेहऱ्यावर उमटेल या धास्तीने तो षटक संपताच सर्वांकडे पाठ करून उभा राही. पिंपरीच्या कारखान्यातली नोकरी त्याला या उजव्या हातानेच मिळवून दिली होती. आता निवड समितीचे मारुतराव शनिवारी कारखान्यामागच्या मैदानावर त्याची गोलंदाजी पाहायला येणार होते. परदेश दौऱ्यावर त्याला न्यायचे की नाही, ते त्यावरच ठरायचे होते.

तांब्याची गोष्ट भोसरीच्या घरात एकट्या आईच्या, दुर्गाबाईंच्या, लक्षात आली. गुरुवारी तिने त्याच्या खांद्याला तिळाचे तेल चोळले, दाभणाला खोचलेला बिब्बा निखाऱ्यावर धरला आणि त्याच्या तेलाचे पाच चटके दुखऱ्या जागी ठिपक्यांसारखे दिले.

"अजून दे."

"पाचच. बिब्बा उतला तर सालटी काढतो, बाबा. त्याला भ्यावं मानसानं."

ज्योतीराम भीत होता, पण बिब्ब्याला नव्हे. आई पाण्याला गेल्यावर त्याने दुसरा बिब्बा तापवला, उजव्या हाताच्या दोन बोटांत दाबून त्याचे तेल काढले आणि डाव्या हातातल्या दाभणाने ठिपक्यांवर ठिपके दिले. बोटांना आधी तिळाचे तेल लावायचे मात्र राहून गेले.

शनिवारी खांदा गप्प होता. चार महिन्यांत प्रथमच. पण चेंडूच्या शिवणीवर टेकणारी ती दोन बोटे पाण्याने भरून टरारली होती.

"राव, जरा बेतानं टाक," यष्टीमागून जहीर म्हणाला. "हे हात संध्याकाळी घरी दाखवावे लागतात."

तिसऱ्या चेंडूला फोड फुटला. चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेला. जहीरने तो झेलला, ओलसर डाग पाहिला आणि पँटला पुसला. तोवर मारुतराव चालत आले होते.

"हात बघू."

ज्योतीरामने मूठ उघडली. मारुतराव हसले.

"हात्तिच्या, बिब्बा उतलाय. खोबरं चावून लाव. आठ दिवसांत नवी कातडी येईल. दौऱ्याला अजून महिना आहे."

ज्योतीरामही हसला. मारुतराव वळले, दोन पावले गेले आणि थांबले.

"पण काय रे, बिब्बा लावत कुठे होतास?"

ज्योतीरामचा डावा हात, कोणी न सांगता, उजव्या खांद्यावर जाऊन बसला होता.