थुयेतचं पहिलं मागणं

दाताने फोडायला गेलेल्या खेकड्याच्या नांगीने थुयेतचे समोरचे दोन दात नेले, आणि तेही जपमाळेच्या मातेचा सण तीन आठवड्यांवर आलेला असताना. झालं! फू थान गावच्या चर्चच्या बँडमध्ये अठ्ठावन्न वर्षं ट्रम्पेट वाजवणारा माणूस हा. सणाला माउलीची पालखी उचलली की पहिला आणि सगळ्यात उंच सूर त्याचा, आणि तो लागल्याशिवाय पालखी जागची हलत नसे. आता फुंकर मारली की नुसती फुसफुस. तालुक्याहून कवळी करून आणली, तर ती हवेबरोबर बाहेर यायला बघायची.

"देवाकडे मागा की हो," बायको निन म्हणाली. ती स्वतः कोंबडी खुडूक बसण्यापासून सुनेच्या नोकरीपर्यंत सगळं देवाकडे मागायची.

"मी कशाला मागू? मी त्याच्यासाठी वाजवतो. त्याला दिसत नाही का? भिकाऱ्यासारखा हात पसरणं मला जमायचं नाही."

"मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तुमचा त्याच्यावर भरवसा असता ना, तर कधीतरी तोंड उघडलं असतंत."

"तोंड उघडलं की कवळी पडते," थुयेत म्हणाला आणि बदकांना कोंडा घालायला निघून गेला.

पण सणाच्या आठवड्यात बँडच्या मुख्याने सांगून टाकलं, यंदा सूर द्वान लावेल. द्वान म्हणजे वीटभट्टीवाला, थुयेतचाच चेला. याला फुंकायला शिकवलं कोणी? थुयेतने. ते ऐकून म्हातारा जेवणावरून उठला. शेवटी बायकोला न सांगता त्याने चिठ्ठी लिहिली, लिफाफ्यात पन्नास हजार डोंगची एक नोट घातली आणि मिस्सेच्या उपासनेत मागायला म्हणून फादरांकडे देऊन आला.

आता इथेच घोळ झाला. फू थानमध्ये मिस्सेआधी फादर या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी. शहाणी माणसं 'खाजगी विनंती' एवढंच लिहितात. पण बँडवाले त्या वेळी बाहेर अंगणात पों पों करत असतात, आणि बँड नसेल त्या दिवशी थुयेत चर्चकडे फिरकत नसे. अठ्ठावन्न वर्षांत त्याने हे वाचन एकदाही ऐकलं नव्हतं.

गुरुवारी तो मुद्दाम आला आणि पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर ताठ बसला.

"जोसेफ थुयेत यांची विनंती," फादरांनी वाचायला घेतलं. "प्रभू, मी आजवर काही मागितलं नाही, हे तुझ्या लक्षात असेलच. रविवारचा सूर मला वाजवू दे. आणि मला देणार नसशील, तर..." फादरांचा आवाज मंदावला, पण वाक्य तोंडातून निसटलंच. "...तर द्वानचाही सूर चिरकू दे."

अरे देवा! आधी कोणीतरी खोकलं, मग सगळं चर्च खदखदायला लागलं. पलीकडे निनने पदरासारखा रुमाल तोंडावर ओढला.

"हात दाखवून अवलक्षण!" घरी येऊन ती कडाडली. "दोन शब्द लिहायचे असतात, दोन!"

"मला काय ठाऊक, देवाचं टपाल लोक वाचतात म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वान दारात उभा. थुयेतने मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. पण द्वानचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"काका, पाया पडतो तुमच्या. मागणं परत घ्या."

"म्हणजे?"

द्वानने ट्रम्पेट ओठाला लावला. सूर वर चढला आणि तिथेच चिरकला. पुन्हा फुंकला, पुन्हा तेच.

"कालपासून असंच चाललंय. निनकाकू रोज मागतात, त्यांना देव म्हणत असेल, बघू उद्या. पण तुम्ही जन्मात पहिल्यांदा मागितलंत. तुम्हाला तो नाही कसं म्हणेल?"

थुयेतला स्वतःला तरी कुठे इतकी खात्री होती? चिठ्ठी लिहिताना वाटलं होतं, बघू टाकून. आणि ज्याच्या वाईटावर आपण टपलो, तोच आपल्या मागण्यावर एवढा विश्वास ठेवून बसलाय! म्हाताऱ्याला लाज वाटली, खरोखरची.

"बघतो," तो पुटपुटला.

दोन दिवस तो बघतच राहिला. खोटं कशाला सांगा, मन म्हणत होतं, गप्प बस. द्वानचा सूर चिरकला की सगळा गाव म्हणेल, थुयेत तो थुयेतच. इतकं सोपं होतं ते. नुसतं काही न करता मिळणारं.

रविवारी पालखी उचलली. चारशे माणसं उन्हात थांबली. द्वानने ट्रम्पेट वर नेला, पण फुंकला नाही. त्याने ट्रम्पेटच्या कडेवरून थुयेतकडे पाहिलं.

थुयेत रांगेतून पुढे आला. कवळी काढून खिशात टाकली, तिथेच धुळीत गुडघे टेकले आणि बोबड्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "देवा, ती चिठ्ठी फाडून टाक! याला दे! तुझ्या पाया पडतो, याला दे!"

कोणी हसलं नाही. द्वानने डोळे मिटले आणि फुंकलं.

सूर लागला. स्वच्छ, उंच, घंटेच्याही वर गेला आणि तिथे टिकला. आजवर हा सूर थुयेतने नेहमी आतून, कपाळाच्या शिरा ताणून ऐकला होता. बाहेरून तो असा ऐकू येतो, हे त्याला आत्ता कळत होतं. पालखी हलली. तो गुडघ्यांवरच बसून "दिलंस, दिलंस!" असं म्हणत टाळ्या पिटत राहिला, आणि शेजारून माणसं पुढे जात राहिली.

निनने येऊन त्याला बखोटीला धरून उठवलं.

"अहो, डोळे पुसा. स्वतः वाजवलंत तेव्हा कधी एवढे खूश झालेले पाहिले नव्हते मी तुम्हाला."